रंगीत कोळंबीची घरगुती पैदास: सिद्धगडच्या पायथ्याचे पाणी आणि काचेची टाकी

गोड्या पाण्यातील रंगीत कोळंबी म्हणजे जेमतेम अडीच ते तीन सेंटिमीटर लांबीची, लाल, पिवळी, निळी किंवा नारिंगी दिसणारी आणि खाण्यासाठी नव्हे तर पाहण्यासाठी पाळली जाणारी कोळंबी. दुकानदार तिला ‘चेरी श्रिंप’ म्हणतात. मुंबई-ठाण्यातील शोभिवंत माशांच्या दुकानांत ती आता सहज मिळते. तिची पैदास घरच्या तीस-चाळीस लिटरच्या टाकीत, कोणतेही खास यंत्र न लावता होते. तरीही हौसेने आणलेली कोळंबी महिनाभरात एकेक करून मरते, असा अनुभव अनेकांना येतो. त्याचे कारण बहुतेक वेळा रोग नसतो, पाणी असते. पाणी गावागणिक बदलते, म्हणून एका ठिकाणी यशस्वी ठरलेली कृती दुसरीकडे जशीच्या तशी चालत नाही.

या लेखात उदाहरण म्हणून ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि शहापूर हे तालुके घेतले आहेत. मुरबाड तालुक्यातील सिद्धगड बहुतेकांना माहीत असतो तो २ जानेवारी १९४३ रोजी तेथे हुतात्मा झालेल्या भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्यामुळे. पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर हा सह्याद्रीचा काळ्या बेसाल्ट खडकाचा, धो-धो पावसाचा आणि तरीही एप्रिल-मेमध्ये टंचाई सोसणारा भाग आहे. पश्चिम उतारावरचे ओढे पुढे उल्हास नदीच्या खोऱ्यात जातात. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे आहेत. त्यामुळे मुंबईतल्या एखाद्या फ्लॅटमधली टाकीही बऱ्याचदा याच डोंगराळ भागाच्या पाण्याने भरलेली असते, फक्त मध्ये क्लोरीन मिसळलेले असते.

ओढ्यातला झिंगा आणि टाकीतली कोळंबी

या परिसरातल्या ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी वस्त्यांना ओढ्यातले झिंगे नवीन नाहीत. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, तसे पुढे पाणी निवळल्यावर दगडांखालून, गवताच्या मुळांतून खेकडे आणि बारीक झिंगे मिळतात. हे झिंगे ढोबळमानाने दोन घराण्यांचे. एक लांब नांग्यांचे, मिळेल ते मांस खाणारे आणि एकमेकांशी भांडणारे. दुसरे अगदी लहान, जवळजवळ पारदर्शक. त्यांच्या नांग्यांच्या टोकाला ब्रशसारखे केस असतात आणि दिवसभर ते दगडावरचे शेवाळ व त्यातले सूक्ष्म जीव खरवडून खातात. टाकीतली चेरी कोळंबी या दुसऱ्या घराण्यातली आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत आढळणारी ‘कॅरिडिना’ ही तिची चुलत बहीण म्हणावी लागेल.

मग ओढ्यातलीच का आणू नये? सिद्धगड भीमाशंकर अभयारण्याच्या क्षेत्रात येतो. हे अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले आणि ते शेकरूसाठी ओळखले जात असले, तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे बंधन फक्त शेकरूपुरते नाही. अभयारण्यातून परवानगीशिवाय कोणताही वन्यजीव पकडून नेणे गुन्हा आहे. शिवाय स्थानिक जाती एकमेकींपासून ओळखणे तज्ज्ञांनाही सूक्ष्मदर्शकाशिवाय जमत नाही आणि यातल्या कोणत्या जातीची पिल्ले टाकीत जगतील हे नुसते पाहून सांगता येत नाही.

पैदास सोपी का

कोळंबीच्या बऱ्याच जातींत अंड्यातून बाहेर पडते ती कोळंबी नसते, तर पाण्यावर तरंगणारी डिंभक अवस्था असते. शेतकरी तळ्यात वाढवतात ती गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी याचे चांगले उदाहरण. तिचे आयुष्य नदीत जाते, पण तिच्या डिंभकांना खाडीचे निमखारे पाणी लागते. म्हणून तिची पैदास उबवणी केंद्रातच होते. टाकीतले शेवाळ साफ करण्यासाठी प्रसिद्ध असलेली ‘अमानो’ कोळंबीही अशीच. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकार आणि मत्स्यटाकी रचनाकाराच्या नावाने ती ओळखली जाते. गोड्या पाण्यात ती सहज अंडी धरते, पण डिंभकांना खारे पाणी मिळाले नाही तर ते काही दिवसांत मरतात. दुकानातून अमानो आणून महिनोन् महिने पिल्लांची वाट पाहणारे लोक या एका माहितीअभावी फसतात.

चेरी कोळंबीचे तसे नाही. ती अंडी थोडी घालते, साधारण वीस ते तीस, पण आकाराने मोठी. पिल्लू डिंभक अवस्था अंड्यातच पूर्ण करते आणि बाहेर येते ते दोन मिलिमीटरचे, आईसारखेच हुबेहूब. पहिल्या दिवसापासून ते शेवाळ खरवडू लागते. सगळी सोय या एका गोष्टीत आहे.

रंग कुठून आले

चेरी कोळंबीचे शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. चीनमध्ये फिरून प्राणी-वनस्पतींचे नमुने गोळा करणारे फ्रेंच धर्मोपदेशक आर्मां दाविद यांच्यावरून हे नाव पडले. बूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये या जातीचे वर्णन केले. ती मूळची पूर्व चीन आणि तैवानची. तिथल्या ओढ्यात ती मातकट, तपकिरी, ठिपकेदार दिसते, आपल्या झिंग्यापेक्षा फार वेगळी नाही. क्वचित एखादी तांबूस निघते. अशा निवडून एकत्र ठेवायच्या, त्यांच्या पिल्लांतून पुन्हा सर्वांत लाल तेवढ्या निवडायच्या, हे पिढ्यान् पिढ्या करून आजचा गडद लाल रंग तयार झाला. पिवळी, निळी, नारिंगी, चॉकलेटी या सगळ्या एकाच जातीच्या रंगछटा आहेत. शेतकऱ्याने बियाण्यासाठी कणसे निवडावीत, तसाच हा प्रकार.

याचा परिणाम नवख्याने आधीच समजून घ्यायला हवा. दुकानात लाल, निळ्या, पिवळ्या कोळंबी एकाच पिशवीत मिसळून विकल्या जातात आणि टाकी सुंदर दिसते. पण या सगळ्या एकाच जातीच्या असल्याने आपसात सहज संकर होतो आणि दोन-तीन पिढ्यांत टाकी मूळच्या मातकट रंगाच्या कोळंबीने भरते. पैदास करायची असेल तर एका टाकीत एकच रंग ठेवावा.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांची ‘क्रिस्टल रेड’ मात्र वेगळी जात आहे. जपानमध्ये हिसायासु सुझुकी यांनी १९९० च्या दशकात काळ्या-पांढऱ्या कोळंबीत आढळलेल्या मोजक्या लाल पिल्लांपासून ती वाढवली. तिला मृदू, किंचित आम्लधर्मी आणि थंड पाणी लागते. मुरबाडच्या उन्हाळ्यात शीतयंत्राशिवाय ती ठेवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. सुरुवात चेरीनेच करावी.

पाणी: विहीर, बोअर, पाऊस आणि नळ

कोळंबीला पाण्यातून दोन गोष्टी हव्या असतात: विष नको आणि चुना हवा. तिचे कवच कॅल्शियमचे. ते वाढत नाही, म्हणून ती दर काही आठवड्यांनी कात टाकते आणि नवे कवच घट्ट करायला कॅल्शियम, मॅग्नेशियम घेते. पाणी फार मृदू असेल तर नवे कवच कच्चे राहते. फार कठीण असेल किंवा पाण्याचा गुणधर्म एकदम बदलला तर जुने कवच नीट फाटत नाही. डोके आणि पाठ यांच्यामध्ये पांढरी गोल रेघ दिसते आणि कोळंबी अडकून मरते. टाकीत पडलेले रिकामे, पारदर्शक कवच पाहून अनेक जण कोळंबी मेली असे समजतात. ती कात असते. ती काढून टाकू नये, कोळंबी खाऊन त्यातला चुना परत घेते.

चेरीसाठी पाण्याची कठीणता ६ ते ८ अंश, पीएच साडेसहा ते आठच्या आत आणि विरघळलेल्या क्षारांचे मोजमाप, म्हणजे टीडीएस, १५० ते २५० च्या आसपास असावे. एक अंश कठीणता म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम चुना. टीडीएस मीटर स्वस्त असतो आणि या छंदात घ्यावे असे पहिले उपकरण तेच. मात्र तो सगळे क्षार एकत्र मोजतो. त्यातला चुना किती, हे कठीणतेच्या थेंब-चाचणीनेच कळते.

बेसाल्टमधल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असते. कोळंबीला हेच हवे असते, फक्त बोअरला त्याचे प्रमाण बऱ्याचदा जास्त होते. उलट पावसाच्या पाण्यात जवळजवळ काहीच नसते. म्हणून सिद्धगडच्या पायथ्याशी सर्वांत चांगले पाणी या दोघांच्या मिश्रणातून मिळते. समजा पावसाच्या पाण्याचा टीडीएस २० आणि बोअरचा ५६० आहे. दोन भाग पाऊस आणि एक भाग बोअर घेतले तर बेरीज ६००, भागिले ३, म्हणजे २००. आकडे आपापल्या मीटरने काढावेत, हिशोब हाच.

पावसाचे पाणी धरताना पहिल्या काही सरी जाऊ द्याव्यात, छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्यात धुऊन येते. कौलांवरून आलेले पाणी चालते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरून आलेले टाळावे, कारण जस्त कोळंबीला विषारी आहे. खुल्या अंगणात प्लास्टिकच्या पिंपावर स्वच्छ कापड बांधून धरलेले पाणी सर्वांत निर्धोक. पिंप झाकून अंधारात ठेवले की ते महिनोन् महिने टिकते.

नळाचे पाणी वापरणाऱ्यांनी क्लोरीन घालवलेच पाहिजे. चोवीस तास उघड्या बादलीत, शक्यतो हवेचा दगड सोडून ठेवले तर ते उडून जाते. घाई असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीनरोधक थेंब घालावेत. आरओ यंत्रातून गाळलेले पाणी पावसाच्या पाण्यासारखेच रिकामे असते. ते एकटे कधीच वापरू नये.

घरात नकळत पोहोचणारे विष

यात पहिला क्रमांक तांब्याचा. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्याचेच असते, तरी पाण्यात विरघळलेले अगदी थोडे तांबेही तिला मारते. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले पाणी माणसाला आवडते, कोळंबीच्या टाकीत ते ओतू नये. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांत तांबे असते. शेतात फवारलेले बोर्डो मिश्रणही तांब्याचेच.

दुसरे, कीटकनाशक. कोळंबी आणि कीटक हे दोघेही संधिपाद प्राणी, त्यामुळे किड्याला मारणारे औषध कोळंबीला सोडत नाही. मुरबाड-शहापुरात भेंडी, काकडीसारखा भाजीपाला होतो आणि त्यावर फवारणी होते. फवारणीच्या दिवसांत शेताशेजारच्या विहिरीचे पाणी घेऊ नये, फवारणी करून आलेल्या हाताने टाकीत काही करू नये. घरातली मच्छर अगरबत्ती, लिक्विड आणि स्प्रे यांतही असेच द्रव्य असते आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. धुराची फवारणी करणारी गाडी गल्लीत आली की पंप बंद करून टाकीवर ओले कापड टाकणे एवढे तरी करावे. खायला घालण्याचा पालक बाजारचा असेल तर आधी भरपूर पाण्यात धुवावा. त्यापेक्षा परसातला, न फवारलेला केव्हाही बरा. नव्या पाणवनस्पतीही आठवडाभर वेगळ्या बादलीत, पाणी बदलत ठेवून मगच टाकीत लावाव्यात.

टाकी

तीस-चाळीस लिटरची टाकी घ्यावी. लहान टाकी स्वस्त पडते, पण पाणी लवकर तापते आणि लवकर बिघडते. तळाला बारीक धुतलेली खडी, एक स्पंज फिल्टर, भरपूर जावा मॉस आणि एखादा दगड, इतके पुरे. ओढून घेणारा जोरदार फिल्टर पिल्लांना गिळतो. स्पंज तसे करत नाही, उलट त्यावर जमणारा थर पिल्लांचे जेवण होतो.

टाकी भरल्या दिवशी कोळंबी सोडू नये. विष्ठा आणि सडणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. पहिले दोन पदार्थ विषारी, तिसरा थोड्या प्रमाणात चालतो. हे जिवाणू स्पंजवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा वेळ टाकी रिकामी, पंप चालू आणि चिमूटभर माशांचे खाद्य टाकत ठेवावी. काचेवर हिरवट थर येऊ लागला की ते चांगले लक्षण. नवख्यांकडून ही वाट पाहणेच होत नाही आणि पहिली खेप तिथेच जाते.

कोळंबी आणल्यावर ती बादलीत ठेवून टाकीतले पाणी सलाइनच्या नळीने थेंब-थेंब, तास-दोन तास सोडावे. सलाइनची चकती फिरवून वेग कमी-जास्त करता येतो, यापेक्षा चांगले साधन विकत मिळत नाही.

गप्पी, मोली, फायटर सोबत ठेवू नयेत. मोठ्या कोळंबीला ते कदाचित सोडतील, पिल्लू एकही उरणार नाही.

मादी, अंडी, पिल्ले

मादी मोठी, रंगाने गडद आणि पोटाकडे फुगीर असते. नर बारीक, फिकट. दहा-पंधरा लहान वयाच्या कोळंबी आणल्या तर दोन्ही मिळतातच. अडीच-तीन महिन्यांच्या मादीच्या मानेमागे पिवळसर किंवा हिरवट डाग दिसू लागतो. ही अंडाशयातली अंडी, तिला पाळणारे लोक ‘खोगीर’ म्हणतात. पुढची कात टाकली की मादी पाण्यात गंध सोडते आणि टाकीतले सगळे नर वेड्यासारखे पोहू लागतात. नवख्याला वाटते पाणी बिघडले. समागमानंतर अंडी पोटाखालच्या पायांत येतात. तिथे ती मादी सतत हलवत, वारा घालत सांभाळते. तापमानानुसार तीन ते चार आठवड्यांनी पिल्ले बाहेर पडतात.

या काळात पाणी मोठ्या प्रमाणात बदलले तर मादी अवेळी कात टाकते आणि अंडी कातीबरोबर जातात. आठवड्याला दहा टक्के पाणी, त्याच टीडीएसचे, हळू ओतावे.

पिल्लांसाठी वेगळे खाद्य लागत नाही, जुनी, शेवाळलेली टाकी लागते. देशी बदामाचे वाळून गळालेले पान धुऊन टाकले तर ते कुजताना त्यावर येणारा थर पिल्ले आठवडे खातात. पेरूचे वाळके पानही चालते. मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेल्या पालकाचा तुकडा द्यावा आणि उरलेला दोन-तीन तासांत काढून घ्यावा. जास्त खाद्य टाकले की पाण्यात प्लॅनेरिया नावाचे चपटे किडे आणि हायड्रा वाढतात. हे दोन्ही पिल्ले खातात. औषध शोधण्याआधी खाद्य कमी करावे.

बारा कोळंबी, त्यात सहा माद्या, प्रत्येकी पंचवीस अंडी आणि निम्मी पिल्ले जगली, तर पहिल्या फेरीत पंचाहत्तर नव्या कोळंबी होतात. कागदावरचे हे गणित टाकीतही साधारण खरे ठरते. आयुष्य एक ते दोन वर्षांचे असल्याने जुन्या मरतातही. फिकट किंवा ठिपकेदार निघणाऱ्या वेगळ्या टाकीत काढाव्यात, नाहीतर चार-सहा पिढ्यांत लाल रंग पुसट होतो. वर्षातून एकदा त्याच रंगाच्या पाच-सात कोळंबी दुसऱ्या पाळणाऱ्याकडून अदलाबदल करून घेतल्या तर एकाच रक्ताची पैदास टळते.

एप्रिल आणि मे

मुरबाड-शहापूरमध्ये उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो. चेरी कोळंबी २० ते २६ अंशांत सुखी असते, २८ पर्यंत निभावते आणि ३० च्या पुढे धोक्यात येते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि नेमकी तेव्हाच कोळंबीला तो जास्त लागतो. शिवाय प्रयोगांत असे दिसले आहे की गार पाण्यात वाढलेल्या पिल्लांत माद्या जास्त आणि गरम पाण्यात नर जास्त निघतात. म्हणजे नीट न सांभाळलेला उन्हाळा फक्त मोठ्यांना मारत नाही, पुढच्या पिढीच्या माद्याही कमी करतो.

टाकी पत्र्याखालच्या खोलीत नको, मातीच्या भिंतीच्या किंवा कौलारू भागात, जमिनीलगत ठेवावी. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. माठ गार राहतो त्याच तत्त्वावर. टाकीच्या बाहेरून ओले गोणपाट गुंडाळणे हाही जुना, चालणारा उपाय. बर्फ थेट टाकू नये.

पंख्यामुळे मात्र एक नवी अडचण येते. पाणी उडते, क्षार मागे राहतात. चाळीस लिटरच्या टाकीतून रोज एक लिटर उडाले आणि ते ५६० टीडीएसच्या बोअरच्या पाण्याने भरले, तर टाकीचा टीडीएस रोज १४ ने वाढतो. महिन्याभरात २०० वरून ६२०. मेअखेर कात टाकताना मरणाऱ्या कोळंबींचे कारण बऱ्याचदा हेच असते. उडालेल्या पाण्याची भर पावसाच्या साठवलेल्या किंवा आरओच्या पाण्यानेच घालावी. जूनमध्ये भरून ठेवलेले पिंप मेमध्ये या कामी येते, म्हणजे तयारी आदल्या पावसाळ्यात करावी लागते.

वीज गेली तर काय, हा ग्रामीण भागातला नेहमीचा प्रश्न. टाकीत गर्दी नसेल आणि मॉस भरपूर असेल तर काही तास निघतात. रात्रीची वीज जास्त घातक, कारण अंधारात वनस्पतीही प्राणवायूच घेतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ असावा.

विक्रीचा विचार असेल तर

दोन टाक्यांवर हौस भागते, धंदा होत नाही. विक्रीसाठी एकाच रंगाच्या आठ-दहा टाक्या, दर महिन्याला सारख्या आकाराचा माल आणि कल्याण-ठाण्यापर्यंत थंड वेळेत पोहोचवण्याची सोय लागते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत (२०२०) परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धन घटकाचा खर्च ३ लाख रुपये धरला असून सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद आहे. योजनेची भाषा माशांची आहे. म्हणून टाक्या विकत घेण्याआधीच जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात कोळंबीचा प्रस्ताव चालेल का, हे लेखी विचारून घ्यावे.

ओढ्यात सोडू नये

कंटाळा आला, टाकी भरून वाहू लागली किंवा गाव सोडायची वेळ आली की ‘जीव आहे, ओढ्यात सोडू’ असे वाटते. जर्मनीत एका वीजकेंद्राचे कोमट पाणी मिळणाऱ्या गिलबाख ओढ्यात सोडलेल्या चेरी कोळंबीने आपली वस्ती कायम केली आहे. तिथे आजूबाजूची थंडी तिला अडवते, म्हणून ती त्या कोमट पट्ट्यात राहिली. सिद्धगडच्या ओढ्यांना गोठवणारी थंडी नाही. पाणी चेरीला मानवणारे आहे आणि तिचा डिंभक समुद्राकडे वाहून जात नाही, पिल्लू जिथे जन्मले तिथेच वाढते. मातकट रंगावर परतलेली चेरी स्थानिक झिंग्यांत मिसळली तर नुसत्या डोळ्यांनी ती वेगळी काढता येणार नाही. ती खाते तेच शेवाळ स्थानिक कॅरिडिना खाते, आणि तिच्या कवचावर येणारे परजीवीही सोबत जातात.

नको असलेली कोळंबी दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा दुकानदाराला द्यावी. बदललेले पाणीही ओढ्यात, ओहोळात किंवा भातखाचरात टाकू नये, कारण दोन मिलिमीटरचे पिल्लू बादलीत दिसत नाही. ते पाणी बारीक कापडातून गाळून परसातल्या झाडांच्या आळ्यात ओतावे. त्यातले नायट्रेट खत म्हणून कामी येते, आणि कापडावर अडकलेली पिल्ले परत टाकीत सोडता येतात.